निकालाची यादी आणि मनाचे समाधान

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी सव्वाअकरा लाखांहून अधिक उमेदवारांनी अर्ज भरले. अखेरच्या यादीत नावे आली ती ९३३ जणांची. त्यांचे अभिनंदन सर्वत्र झाले, ते योग्यच होते. परंतु उरलेल्या लाखो तरुणांचे काय, हा प्रश्न समाज स्वतःस क्वचितच विचारतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांतून घरच्या तुटपुंज्या पैशावर वर्षामागून वर्षे काढणारी मुले पाहिली, म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. या तरुणांच्या वैफल्यास त्यांचे दुबळे मनच कारण आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वारंवार पुढे गेलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा १४ मार्च २०२१ रोजी व्हावयाची होती. ती अवघे तीन दिवस आधी पुन्हा लांबणीवर टाकण्यात आली, तेव्हा पुण्यातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांचा संताप रास्त होता. वेळापत्रक पाळणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि समाधानाचा उपदेश ही त्या कर्तव्यातून सुटण्याची पळवाट होता कामा नये.

तथापि परीक्षा वेळेवर झाल्या, तरी हजार अर्जांमागे एकाचीही निवड होत नाही, हे गणित उरतेच. ‘मी परीक्षेत नापास झालो’ आणि ‘मी नापास झालो’ ही दोन वाक्ये एकच नव्हेत. पहिल्यात दुःख आहे, आणि दुःख काळाने ओसरते. दुसऱ्यात माणसाने आपले सारे मोल परक्याच्या तराजूत टाकलेले असते. वैफल्याचा जन्म होतो तो येथे.

मग आपले मोल आपल्या हाती कसे राहील? महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी ‘व्यवहारमयूखा’चे संपादन करताना त्यास धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावयाचे योजिले. ती वाढत गेली आणि तिच्यातून ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा पाच खंडांचा ग्रंथ उभा राहिला. पहिला खंड १९३० मध्ये निघाला, तेव्हा ते पन्नाशीचे होते. अखेरचा १९६२ मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. १९६३ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले खरे. परंतु काम आरंभिले, त्या वेळी हा किताब अस्तित्वातच नव्हता, त्याची स्थापना १९५४ ची. एवढी वर्षे त्यांस लेखणीशी बांधून ठेविले, ते त्या कामातील गोडीनेच, असे आम्ही मानतो.

प्रत्येकजण काणे होऊ शकत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण कामाची गोडी ही केवळ विद्वानांची मिरास नव्हे. परीक्षेसाठी वाचलेली राज्यघटना, इतिहास वा अर्थशास्त्र यादीत नाव न आल्याने निरुपयोगी ठरत नाही. ते ज्ञान गावच्या शाळेत, वृत्तपत्रात, सहकारी संस्थेत वा ग्रामपंचायतीत कामी येते. मात्र त्यासाठी वेळीच थांबता आले पाहिजे. खुल्या प्रवर्गातील उमेदवारास केंद्रीय आयोग सहा संधी देतो; त्या साऱ्या वापरल्याच पाहिजेत, असा नियम नाही. किती वर्षे द्यावयाची, हे आरंभीच ठरवावे, आणि त्या वर्षांतही पोटापुरते व मनाजोगे दुसरे एखादे काम हाती असू द्यावे.

पालकांसही आमचे एक सांगणे आहे. निकालाच्या दिवशी मुलगा वा मुलगी घरी परतेल, तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाचे गुण विचारू नका. जेवावयास वाढा. आपले या घरातले स्थान कोणत्याही यादीवर अवलंबून नाही, एवढे त्यांस त्या दिवशी कळले, तरी पुढचा मार्ग ती स्वतः शोधतील.