दिवा लागला म्हणून व्हॉल्व्ह बदलायचा?

डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर 'पी ०४०१' दाखवतो आणि मेकॅनिक सांगून मोकळा होतो, "ईजीआर व्हॉल्व्ह गेला, नवा टाका." हा निव्वळ अंदाज झाला. ईजीआर व्हॉल्व्हमधून इंजिनात परत फिरवला जाणारा धूर कमी पडतोय, एवढंच तो कोड सांगतो. काजळीनं मार्ग चोंदलेला असेल, व्हॅक्युम पाइप फाटला असेल, नाहीतर कनेक्टर सैल असेल. आधी स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघड-बंद करावा आणि हवेच्या सेन्सरचे आकडे बघावेत. धूर आत शिरला की ताजी हवा कमी झालीच पाहिजे. मग व्हॉल्व्ह खोलावा. पुष्कळदा काजळी साफ करूनही काम भागतं.

पत्र्याची पट्टी बसवून धूर परत फिरवण्याचा हा मार्गच बंद करणं तर सरळ घातक. ज्वलनाचं तापमान चढतं, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, काळा धूर मात्र उलट कमी दिसतो! आणि डिझेल गाड्यांच्या पीयूसी प्रदूषण चाचणीत मोजली जाते ती धुराची घनता. ही लबाडी तिथे पकडली जाणार कशी?

गाडीमालकांनी नव्या व्हॉल्व्हचे पैसे मोजण्याआधी चाचणीचे आकडे मागावेत आणि सरकारने पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइडची मोजणी आणावी.