व्हिसावरचं सासर

मुलगी सासरी गेली की ती 'तिकडची' झाली, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. जुन्या लोकांची बोलायची रीत म्हणून आपण ते सोडून देतो. पण शासनाच्या कागदात तेच वाक्य जसंच्या तसं बसलेलं आहे, आणि ते तिथं बसलंय म्हणूनच ३०-४० वर्षं इथं संसार केलेल्या बाईला एका सकाळी पिशवी भरून अटारीच्या फाटकाकडं चालत जावं लागतं. मी म्हणतेय त्या बायका भारतात नांदायला आलेल्या पाकिस्तानी पासपोर्टच्या सुना आहेत आणि तिकडं नांदायला गेलेल्या आपल्या लेकीही आहेत. दोघींचं दुखणं एकच आहे.

आपल्या राज्याचा याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. कोकणातल्या मुसलमान कुटुंबांची कराचीत पिढ्यान् पिढ्यांची सोयरीक आहे. एकेकाळी मुंबईहून कराचीला बोट जात होती, रत्नागिरीच्या माणसाला कराची हे नोकरीचं गाव होतं. उल्हासनगर, जळगाव, नागपूरला सिंधी कुटुंबं आहेत, त्यांचे अर्धे नातेवाईक सिंधमध्ये राहिले. १९४७ ची रेघ या घरांच्या मधून गेली. मामाच्या, आत्याच्या घरी मुलगी द्यायची पद्धत मात्र रेघेबरोबर थांबली नाही. तेव्हा 'तिकडची मुलगी केलीच कशाला' हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी हे ध्यानात घ्यावं, की बहुतेक वेळा ती मुलगी परकी नसते, सख्ख्या आत्याची लेक असते. आणि मुख्य म्हणजे, सोयरीक ठरवताना तिला विचारलेलं नसतं. ठरवणारे घरातले वडीलधारे पुरुष. पुढं ३० वर्षं पोलिसांच्या कचेरीच्या पायऱ्या चढते ती.

या पायऱ्या कशा असतात ते सांगते. लग्न होऊन येणारी मुलगी बहुधा अभ्यागत व्हिसावर येते. तो ठरावीक दिवसांचा आणि ठरावीक गावांचा असतो. आल्याबरोबर पोलिसांत नोंद करायची, गावाबाहेर जायचं तर परवानगी घ्यायची. मुदत संपत आली की वाढवून मागायची. नाही मिळाली तर परत जायचं आणि नव्यानं अर्ज करायचा. परत जायचं म्हणजे २०१९ च्या ऑगस्टपर्यंत दिल्लीहून समझौता एक्सप्रेस होती, राजस्थानातून थार एक्सप्रेस होती. दोन्ही बंद पडल्यावर उरलं अटारीचं फाटक, तेही पायी. नाशिकरोडला अमृतसरची गाडी धरायची, पुढं अटारी, मग सामान उचलून पलीकडं वाघा. नव्या व्हिसाचा अर्ज इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयात. कराचीतलं आपलं वकिलातीचं कार्यालय डिसेंबर १९९४ मध्ये बंद झालं, त्यामुळे कराचीच्या मुलीला स्वतःच्याच देशात हजार किलोमीटरहून लांब हेलपाटा. दोन्ही सरकारांत वितुष्ट आलं की अर्ज पडून राहतो. अशा वेळी कुणी माहेरी बाळंत होते आणि मूल चालायला लागेपर्यंत बापाला दिसत नाही. कुणाचा नवरा इकडं दुसरं लग्न करून मोकळा होतो. त्या बाईनं दाद कुठं मागायची? पोटगीचा दावा लावायला न्यायालयात हजर राहावं लागतं, आणि हजर राहायला व्हिसा लागतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये दोन्ही देशांनी व्हिसाचा नवा करार केला. त्यात दुसऱ्या देशातल्या माणसाशी लग्न झालेल्यांना दोन वर्षांपर्यंतचा, अनेकदा येजा करता येणारा व्हिसा द्यायची तरतूद होती. कागदावर बरी होती. तरतूद आणि ती मिळणं यात किती अंतर असतं हे आपल्यासारख्या तहसीलच्या दारात उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

इथंच राहायचं ठरलेल्या बाईसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा असतो. त्याचंही वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. हा कुणाला द्यावा याच्या शासनाच्या नियमांची भाषा प्रत्येक बाईनं वाचावी अशी आहे. एक वर्ग आहे भारतीय पुरुषांशी लग्न करून इथं राहणाऱ्या पाकिस्तानी बायकांचा. दुसरा वर्ग आहे मूळच्या भारतीय पण लग्नानं पाकिस्तानी झालेल्या, आणि आता विधवा किंवा घटस्फोटित होऊन परत येणाऱ्या बायकांचा. मात्र या दुसरीला एक अट आहे. पाकिस्तानात तिला सांभाळणारा कुणी पुरुष नसला पाहिजे. पुरुष! म्हणजे तिकडं दीर, सासरा, मोठा मुलगा असेल, आणि तो तिला दोन वेळा जेवायला घालत नसेल, मारत असेल, तरी तो 'आहे' एवढ्यावर तिच्या जन्मगावची वाट अडू शकते. आता उलट बाजू पाहा. भारतीय बाईशी लग्न केलेल्या पाकिस्तानी नवऱ्यासाठी असा सरळ वर्ग यादीत नाही. का? कारण नवरा बायकोच्या घरी नांदायला येईल हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच बसत नाही.

पलीकडचा कायदा याच घराण्यातला. पाकिस्तानच्या १९५१ च्या नागरिकत्व कायद्याचं दहावं कलम पाकिस्तानी पुरुषाच्या परदेशी बायकोला नागरिकत्वाची वाट देतं. पाकिस्तानी बाईच्या परदेशी नवऱ्याला देत नाही. तिथल्याच फेडरल शरियत न्यायालयानं हे कलम बायकांशी भेदभाव करणारं ठरवलं आहे. म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन सरकारं एका बाबतीत एकमतानं चालतात. बाईचा देश तिच्या नवऱ्याचा देश.

आपला कायदा निदान थोडा हलला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात मुळात भारतीयांशी लग्न केलेल्या 'स्त्रिया' असा शब्द होता. १९८६ च्या दुरुस्तीनं तिथं 'व्यक्ती' आली. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या नात्यानं भारतीय नागरिकत्व मिळायला डिसेंबर १९९२ उजाडावा लागला, तोवर वंश मोजायचा तो बापाकडूनच. १९९३ मध्ये भारतानं स्त्रियांवरील सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्याच्या नवव्या कलमात राष्ट्रीयत्व मिळवणं, बदलणं आणि टिकवणं याचा पुरुषांच्या बरोबरीनं हक्क आहे. करारातल्या काही कलमांबद्दल आपल्या सरकारनं हात राखून ठेवले, या कलमाबद्दल ठेवले नाहीत. तेव्हा ही आमची नुसती भावनिक मागणी आहे असं कुणी म्हणू नये.

या सगळ्याचं मूळ जुनं आहे. फाळणीनंतर १९४९ मध्ये अपहृत व्यक्तींना शोधून परत पाठवण्याचा कायदा झाला. त्यात 'अपहृत व्यक्ती' कोण? सोळा वर्षांखालचा मुलगा, किंवा कोणत्याही वयाची स्त्री. पन्नाशीची बाई आणि पंधरा वर्षांचा पोरगा एकाच मापात! तिला जायचंय की राहायचंय हे तिनं ठरवायचं नव्हतं. तिथं मुलं झाली असली तरी नव्हतं. हा कायदा १९५७ पर्यंत चालला. कायदा गेला, डोकं तेच राहिलं.

एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा दिसलं. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. डोंबिवली, पुणे, पनवेलची मिळून सहा माणसं त्यात होती. ज्या बायकांच्या डोळ्यांदेखत नवरे गेले त्यांच्या दुःखाला आणि संतापाला कमी लेखण्याचा विचारसुद्धा मनात येत नाही. मारेकऱ्यांना पकडावं, शिक्षा व्हावी. पण त्यापाठोपाठ निघालेल्या हुकुमांचा घाव कुणावर बसला? पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले, आणि अटारीचं ठाणं बंद करताना येजा करणाऱ्यांना १ मेच्या आत परतायला सांगितलं गेलं. त्या आठवड्यात फाटकावर दोन रांगा दिसत होत्या. एका रांगेत पाकिस्तानी पासपोर्टच्या आया, आणि त्यांची भारतीय पासपोर्टची मुलं अलीकडं. दुसऱ्या रांगेत माहेरपणाला आलेल्या भारतीय पासपोर्टच्या लेकी. त्यांना पलीकडं नवऱ्याकडं जाऊ देत नव्हते, आणि त्यांच्या पोरांचे पासपोर्ट मात्र पाकिस्तानी. मुलं बापाच्या कागदावर, आई स्वतःच्या कागदावर, आणि मधे फाटक.

दीर्घ मुदतीचे व्हिसा यातून वगळले होते, हे खरं. पण परराष्ट्र मंत्रालयाच्या पहिल्या खुलाशात उल्लेख होता तो हिंदूंना दिलेल्या दीर्घ व्हिसांचाच. उल्हासनगरच्या सिंधी बाईला दिलासा मिळाला याचा आनंदच आहे, तिनंही वर्षानुवर्षं हेच हेलपाटे घातलेत. पण मुसलमान सुनेनं तो खुलासा वाचून काय समजायचं? बाईला आधी नवऱ्याच्या देशानं मोजायचं, मग धर्मानं मोजायचं. तिचं स्वतःचं माप कधी घेणार?

आणि वगळले म्हणजे सुटल्या असंही नाही. जम्मूतली एक साठी ओलांडलेली बाई. ३८ वर्षांचा संसार, नवरा भारतीय, मुलं भारतीय. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचं नूतनीकरण ती वेळच्या वेळी करत आलेली. जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपण्याआधी तिनं अर्ज केला होता. शासनानं तो मंजूरही केला नाही, नाकारलाही नाही. एप्रिलच्या शेवटी तिला फाटकापलीकडं नेऊन सोडलं. ६ जून २०२५ ला जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानं तिला दहा दिवसांत परत आणण्याचा आदेश दिला. केंद्र सरकार त्याविरुद्ध अपिलात गेलं, आणि मग अभ्यागत व्हिसा द्यायला तयार झालं. अभ्यागत म्हणजे पाहुणी. ज्या घरात तिनं ३८ वर्षं चूल पेटवली तिथं पाहुणी!

देशाच्या सुरक्षेचं काय, असं विचारतात. विचारावं. पण मग हेही सांगावं की या बायकांइतकी नोंद झालेली, तपासलेली, पत्ता ठाऊक असलेली माणसं देशात दुसरी कोण आहेत? वर्षानुवर्षं त्यांचे फोटो, सह्या, घराचे पत्ते पोलिसांकडं आहेत. ज्याला घातपात करायचा तो नूतनीकरणाची पावती घेऊन रांगेत उभा राहत नाही. संशय असेल त्या व्यक्तीची चौकशी करा, कुणी अडवलंय? सगळ्यांना एका हुकमात घातलं की त्यात सापडते ती सहज सापडणारी बाई.

मी पेठ तालुक्यात काम करते. इथून गुजरातची हद्द जवळ. पेठवरून कापराड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर हद्द ओलांडल्याचं फक्त पाटीवरून कळतं. ही हद्दसुद्धा एका १ मेनंच घातलेली, १९६० च्या. इकडच्या लेकी तिकडं दिल्या, तिकडच्या इकडं आल्या. व्हिसा लागत नाही, पण कागद लागतो. रेशनकार्डावर नाव चढवायचं तर माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा. जातीचा दाखला हवा तर बापाकडचे कागद, आणि बाप दुसऱ्या राज्यातला निघाला की इथल्या कचेरीत मान हलते. जातीला बापाची, रेशनला नवऱ्याची. पोर कडेवर घेऊन, मजुरी बुडवून तिकडं जायचं ते तिनंच. २०२५ च्या मे महिन्यात बचत गटाच्या बैठकीत बायकांनी मोबाइलवर पाहिलेल्या अटारीच्या चित्रांचा विषय काढला. त्यांना पासपोर्ट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, पण बाकी काही समजवावं लागलं नाही. एकीनं विचारलं, ताई, नवरा आहे तोवर तिला निदान विचारतात तरी, नवरा मेला तर तिचं काय? मला त्या पुरुष-नसण्याच्या अटीची आठवण झाली. याच भागातल्या कोकणा-वारली गावांत घरजावई येऊन राहिला तर कुणी तोंडाला पदर लावत नाही. म्हणजे लग्नानंतर बाईनंच हलायचं, हा काही निसर्गाचा नियम नाही.

तेव्हा दीर्घ मुदतीचा व्हिसा बाईला तिच्या स्वतःच्या वास्तव्यावर द्या. नवऱ्यानं टाकली, मारली, तो गेला, तरी तो चालू राहिला पाहिजे. अर्ज वेळेत केला असेल तर शासनाचं लेखी उत्तर येईपर्यंत जुना व्हिसा वैध धरा, कचेरीतल्या दिरंगाईची शिक्षा तिला नको. सांभाळणारा पुरुष नसल्याची अट काढून टाका. भारतीय बाईच्या नवऱ्याला तोच नियम लावा जो भारतीय पुरुषाच्या बायकोला आहे. अज्ञान मूल आणि आई यांना वेगळं करणारा कोणताही हुकूम न्यायालयापुढं गेल्याशिवाय अमलात येता कामा नये. सात वर्षं इथं राहिल्यावर लग्नाच्या नात्यानं नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पण त्यावर निर्णय किती दिवसांत द्यायचा याचं बंधन शासनावरही हवं. परकीय नागरिकांबद्दलचा १९४६ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ सप्टेंबरपासून लागू झाला. कायदा नवा करता येतो, तर हे नियम का नाही?

आणि एक आपल्या संघटनांसाठी. मालेगाव, भिवंडी, रत्नागिरीकडं काम करणाऱ्या मैत्रिणींनो, सल्ला केंद्रात अशी बाई आली की मारहाणीची तक्रार लिहून घेण्याआधी पासपोर्ट कुठं आहे ते विचारा. बहुधा तो सासऱ्याच्या कपाटात असतो. व्हिसाची तारीख तिला सांगता येत नाही, कारण ते काम 'घरातली माणसं बघतात'. तारीख तिला पाठ असू द्या. निकाहनाम्याची, पासपोर्टच्या प्रत्येक पानाची आणि नूतनीकरणाच्या अर्जाच्या पावतीची एकेक झेरॉक्स तिच्याजवळ, आणि एक आपल्या केंद्रात ठेवा.