तक्रार नाही, म्हणजे त्रास नाही?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शहरासाठी आमची टीम तक्रारींचं अ‍ॅप बनवत होती. दिवा बंद आहे, गटार तुंबलंय, कचरा उचललेला नाही, असं काहीही असलं की नागरिकाने फोटो काढायचा, यादीतून पत्ता निवडायचा आणि पाठवून द्यायचं. ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर शहराचा नकाशा. जास्त तक्रारी असलेला वॉर्ड लाल, कमी असलेला हिरवा. डेमोच्या दिवशी साहेबलोक एकदम खूश होते.

त्या नकाशावरचा सगळ्यात हिरवागार भाग कुठला होता, सांगू? नदीकाठची झोपडपट्टी.

कारण अगदी साधं होतं. पत्त्यांच्या यादीत सोसायट्या होत्या, रस्ते होते, चौक होते. वस्तीतल्या गल्ल्यांना नावंच नव्हती, त्यामुळे त्या यादीत नव्हत्या. पत्ता निवडल्याशिवाय तक्रार पुढे जायची नाही. आणि ती यादी मीच भरली होती. लक्षात आल्यावर मी मीटिंगमध्ये बोललो. ‘फेज टू मध्ये बघू’ असं उत्तर मिळालं. फेज टू कधी आलीच नाही आणि मीही पुढच्या प्रोजेक्टला लागलो.

हे सगळं परत आठवलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या एका चौकशी आयोगाबद्दल वाचताना. विषय होता पोलीस. पण वाचत गेलो तसतसं वाटायला लागलं, अरे, हा तर आपलाच बग आहे. फक्त इथे गटार तुंबत नव्हतं, माणसं मरत होती.

केपटाऊन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबल माउंटन येतो, समुद्र येतो, क्रिकेटचं न्यूलँड्स मैदान येतं. तिथून साधारण तीस किलोमीटरवर वाळूच्या सपाट पट्ट्यावर खायेलित्शा नावाची वसाहत आहे. खोसा भाषेत त्याचा अर्थ ‘नवं घर’. नाव गोड असलं तरी जन्म तसा नाही. वर्णभेदी सरकारने १९८३ साली ही वसाहत जाहीर केली ती कृष्णवर्णीय लोकांना शहरापासून लांब एका जागी ठेवण्यासाठी. २०११ च्या जनगणनेत तिथे जवळपास चार लाख लोक होते. बरीचशी घरं पत्र्याची, एकमेकांना चिकटलेली. मधल्या वाटा इतक्या अरुंद की पोलिसांची गाडी आत जाऊच शकत नाही. अनेक वाटांना नाव नाही, दिवा नाही. एवढ्या मोठ्या वसाहतीला पोलीस ठाणी तीन.

आकडे बघा. एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत २७,४९४ खून झाले. २०२२ साली आपल्या अख्ख्या भारतात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. म्हणजे आकडे जवळजवळ सारखेच. फरक इतकाच की त्यांची लोकसंख्या सहा कोटींच्या आसपास आणि आपली एकशेचाळीस कोटी. लाखामागे तिथे पंचेचाळीस, इथे दोन.

हे सांगितलं की घरात हमखास कुणीतरी म्हणतं, “आफ्रिका ना, तिथे तसंच असणार.” माझ्या एका मामांनीही असंच म्हटलं. आपल्याकडे शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलांना भाड्याने घर मिळताना जो त्रास होतो, त्याच्या मुळाशी हेच वाक्य असतं. पण ‘तसंच असणार’ म्हटलं की विचार तिथेच थांबतो. कुठल्या भागात जास्त खून होतात, तिथे पोलीस किती आहेत, आणि ते कुणी ठरवलं, हे प्रश्न मग कुणी विचारतच नाही. खायेलित्शातल्या लोकांनी नेमके हेच प्रश्न विचारले.

झालं असं की पोलिसांवरचा विश्वास उडाल्यामुळे लोक स्वतःच न्याय करायला लागले होते. चोर म्हणून पकडलेल्या माणसाला जमावाने ठार मारायचं, असे प्रकार वाढले. तिथल्या काही नागरी संघटनांनी २०११ साली वेस्टर्न केप प्रांताच्या प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, हेलेन झिले यांच्याकडे रीतसर तक्रार केली. झिले यांनी २०१२ च्या ऑगस्टमध्ये आयोग नेमला. पोलीस खातं केंद्र सरकारचं, त्यामुळे केंद्रीय पोलीस मंत्री कोर्टात गेले. प्रांताला आमची चौकशी करण्याचा अधिकार काय, असा त्यांचा मुद्दा. वाद थेट घटना न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल प्रांताच्या बाजूने लागला. निवृत्त न्यायमूर्ती केट ओरेगन आणि देशाचे माजी मुख्य सरकारी वकील वुसी पिकोली हे दोघे आयोगाचे सदस्य. सुनावण्या २०१४ साली खुद्द खायेलित्शात झाल्या. रहिवासी आले, पोलीस अधिकारी आले, प्राध्यापक आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहवाल आला. पोलिसांच्या कामात गंभीर त्रुटी आहेत आणि लोक व पोलीस यांच्यातलं नातं तुटलेलं आहे, हे आयोगाने स्पष्ट सांगितलं. सोबत वीस शिफारशी केल्या.

माझं लक्ष खिळलं ते मनुष्यबळाच्या मुद्द्यावर. कुठल्या ठाण्याला किती पोलीस द्यायचे, हे दक्षिण आफ्रिकेत एका सूत्राने ठरतं. त्यात अनेक घटक घालतात. त्यातला एक मोठा घटक म्हणजे त्या ठाण्यात नोंदलेले गुन्हे. ऐकायला किती बरोबर वाटतं! जिथे गुन्हे जास्त, तिथे पोलीस जास्त. मीसुद्धा डोळे झाकून असंच सूत्र लिहिलं असतं.

पण आता खायेलित्शात राहणाऱ्या एखाद्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रात्री कामावरून परतताना तिचा मोबाइल हिसकावला. ठाणं लांब आहे. अंधारात चालत जायचं तर परत लुटले जाण्याची भीती. फोन करावा तर फोनच गेलाय. कुणाचा मागितला, तरी पत्ता काय सांगायचा? आणि एवढं करून तपास होईल याची खात्री नाही. वर चोराला कळलं तर तो शेजारच्याच गल्लीत राहतो. ती तक्रार करत नाही. तो गुन्हा संगणकात जात नाही. सूत्र म्हणतं, इथे गरज कमी आहे. पोलीस कमी मिळतात. असलेल्या पोलिसांवर भार वाढतो, तपास आणखी ढिला पडतो, लोकांचा विश्वास आणखी उडतो. पुढच्या वर्षी तक्रारी आणखी कमी.

उलट श्रीमंत उपनगरात गाडीची काच फुटली तरी तक्रार होतेच, कारण विम्याचे पैसे मिळवायला पोलिसांची नोंद लागते. त्या उपनगरात प्रत्येक गेटवर खासगी सुरक्षा कंपनीची पाटी असते, भिंतीवर विजेची तार असते. अख्ख्या देशात खासगी सुरक्षारक्षकांची संख्या पाच लाखांहून जास्त आहे, पोलीस दलाच्या कितीतरी पट. ज्यांना सुरक्षा विकत घेता येते, त्यांच्याकडे सरकारी पोलीसही पुरेसे असतात.

मग खरी गरज मोजायची कशी? संशोधकांनी खुनाचा आकडा घेतला. मोबाइलची चोरी नोंदवायची राहून जाते, बलात्कारही दडपला जातो, पण मृतदेह मोजावाच लागतो. खुनांच्या आकड्याशेजारी पोलिसांची संख्या ठेवली तेव्हा चित्र उलटं दिसलं. सगळ्यात जास्त खून होणाऱ्या गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांना लोकसंख्येच्या मानाने सगळ्यात कमी पोलीस मिळत होते. जवळच्या न्यांगा या ठाण्याच्या हद्दीत २०१७-१८ या एका वर्षात ३०८ खून झाले होते. वर्णभेद संपून वीस वर्षं झाल्यावरही अशी पद्धत टिकलीच कशी, असा सवाल आयोगाने केला.

अहवालानंतरही सूत्र बदलेना, म्हणून तिथल्या दोन संघटना आणि न्यांगाचा नागरिक-पोलीस मंच २०१६ साली समानता न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०१८ ला निकाल लागला. वेस्टर्न केपमधली पोलिसांची वाटणी वंश आणि गरिबी या दोन्ही कारणांनी लोकांवर अन्याय करणारी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र त्यावर उपाय काय करायचा, हा भाग पुढे ढकलला गेला. म्हणजे बग मान्य झाला, तारीख मिळाली नाही. आमच्या धंद्यात हे रोजचं असलं तरी इथे वाचताना वाईट वाटलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये, केपटाऊनच्या अशा वस्त्यांमध्ये सरकारने सैन्य उतरवलं. सैनिक काही महिने राहिले आणि गेले. ठाण्यांचं रोजचं काम सैनिक करू शकत नाहीत.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली खायेलित्शाचं एक गणिती मॉडेल मांडलं. घरात संडास नसल्यामुळे बायकांना रात्री सार्वजनिक संडासापर्यंत चालत जावं लागतं आणि त्या वाटेवर हल्ले होतात. मॉडेलनुसार संडास ५,६०० वरून ११,३०० केले, तर वर्षाला होणारे लैंगिक हल्ले ६३५ वरून ४४६ वर येतील, म्हणजे सुमारे तीस टक्के कमी. हल्ल्यांमुळे समाजावर पडणारा खर्च धरला, तर एकूण खर्चसुद्धा चार कोटी डॉलरवरून साडेतीन कोटींवर येतो. म्हणजे संडास बांधणं हे न बांधण्यापेक्षा स्वस्त. मॉडेल म्हणजे काही प्रत्यक्ष प्रयोग नव्हे, हे मान्य. पण सुरक्षेचा प्रश्न संडासात आणि दिव्याच्या खांबात असू शकतो, हे आपल्याला सुचतं का? मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ करणाऱ्या बायका हेच तर सांगत आल्या आहेत.

खायेलित्शाच्या हरारे भागात (झिम्बाब्वेची राजधानी नव्हे, वसाहतीतला एक भाग) अशी कामं झालीही आहेत. लोक ज्या वाटेने स्टेशनला चालत जातात, त्या वाटेवर ठरावीक अंतराने छोट्या उंच इमारती बांधल्या. त्यांत दिवे, राखणदार, माणसांची वर्दळ. अंधारात चालणाऱ्याला पुढचा दिवा दिसत राहतो. प्रांतात २०१६ पासून ‘चालती बस’ही आहे. बस कसली, वस्तीतले स्वयंसेवक, त्यात बहुतेक आया आणि आज्या, मुलांना घोळक्याने शाळेत पोचवतात आणि घरी आणतात. आपल्याकडे चाळीतल्या मावश्या सगळ्यांची मुलं एकदम शाळेत सोडायच्या ना, तसंच. फरक एवढाच की तिथे वाटेत टोळ्यांचा गोळीबार होऊ शकतो.

हे वाचल्यावर आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी विचारलं, “तुमच्या गल्लीतला दिवा बंद असला तर कुठे कळवता?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “आमच्या गल्लीत दिवा लागलाच कधी, बंद पडायला?”

माझ्या त्या नकाशावर मावशींची गल्ली हिरवीच दिसली असती.

आपल्यापैकी कितीतरी जण आज डेटावर काम करतो. बँकेत, विम्यात, सरकारी प्रोजेक्टवर. पुढे पोलीस कुठे पाठवायचे, कॅमेरे कुठे लावायचे, हेही आपल्यासारखेच कोणीतरी लिहिलेल्या सूत्रांवर ठरत जाणार. तेव्हा स्क्रीनवर एखादा भाग फारच हिरवा दिसला, तर एकदा उठून तिथे चालत जाऊन या. मी तेव्हा गेलो नव्हतो. ऑफिसपासून ती वस्ती वीस मिनिटांवर होती.