मागची सीट, तीन लेकरे आणि पन्न्याचा हिशेब

कापडाच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक रंग पाहते, पोत पाहते, भाव करते. परंतु कापड फाडण्याआधी एक प्रश्न हमखास विचारते, "पन्ना किती?" ३६ इंच पन्न्याचे कापड आणि ४४ इंच पन्न्याचे कापड यांत एका कुर्त्यामागे किती फरक पडतो, हे आपल्या घरच्या बायाबापड्यांनाही ठाऊक असते. पन्ना न सांगता माल विकणाऱ्या दुकानदाराची पायरी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा चढत नाही. मूलच्या बाजारात तीस वर्षे मीटर आणि कात्री घेऊन बसलेल्या माझ्यासारख्या माणसाने हाच प्रश्न विचारायला विसरावे, आणि तेही नातवंडांसाठी वस्तू घेताना, याची मला लाज वाटली. इतरांचे तसे नुकसान होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय आहे मोटारीत लहान मुलांसाठी बसवायच्या बेबी सीटचा. काही वाचक म्हणतील, हे मोठ्या शहरातले चोचले. मलाही काल-परवापर्यंत तसेच वाटत होते.

माझी मुलगी गडचिरोलीला असते. तिला तीन मुले. थोरला सहा वर्षांचा, मधली तीन वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. जावयांची गाडी लहान. मागे दोन्ही खिडक्यांशी दोन बेबी सीट आणि मध्ये अंग चोरून मुलगी. मधल्या नातीला सीट नाही, तिची जागा आईच्या मांडीवर. गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरचे एक लग्न आटोपून आम्ही मूलकडे येत होतो. चिचपल्लीच्या पुढे जंगलात, तिन्हीसांजेला, एक रोही रस्त्यात आडवा आला. जावयांनी जोराने ब्रेक दाबला. गाडी थांबली, रोही निघून गेला. थोरला आणि धाकटा जागचे हलले नाहीत. मी पुढे पट्टा लावून बसलो होतो, मलाही काही झाले नाही. नात मात्र आईच्या हातातून सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली. ओठ फाटला, दोन टाके पडले. अल्लाहचा शुक्र की तेवढ्यावर निभावले.

रात्री मुलगी म्हणाली, "अब्बा, तिघांपैकी कोणाला मांडीवर घ्यायचं हे गाडीत बसताना दरवेळी मी ठरवते. आज जिला घेतलं तिलाच लागलं." यावर मला काही बोलता आले नाही. आईला रोज असा कौल लावावा लागावा, ही गोष्ट काही बरी नव्हे.

मांडीचा भरवसा

आपल्याकडे समज असा की आईच्या मांडीएवढी सुरक्षित जागा नाही. घरात ते खरे आहे. धावत्या गाडीत हिशेब वेगळा होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळली आणि पुढचा पत्रा चेपत अर्ध्या मीटरात थांबली, तर दहा किलोच्या बाळाचा आईच्या हातांना बसणारा ओढा सुमारे २०० किलोचा असतो. आपल्या मूलच्या राइस मिलमधला दोन क्विंटल तांदूळ एका झटक्यात हातात पेलण्यासारखे हे काम आहे. कोणत्या आईचे हात ते पेलतील? माया कमी पडत नाही, ताकद कमी पडते.

मागची सीट म्हणजे निर्धास्त जागा, हाही गैरसमजच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे गेले आणि पुढे बसलेले दोघे वाचले. गाडी तर लाखमोलाची होती.

कायदाही आता स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्या कलम १९४ बी प्रमाणे १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बेबी सीट न लावता गाडी चालविली तर १,००० रुपये दंड आहे. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या कोकणी बंधूंना हे नवीन नाही. संयुक्त अरब अमिरातीत १ जुलै २०१७ पासून चार वर्षांखालील मुलाला बेबी सीट सक्तीची झाली आणि ४०० दिरहॅम दंड ठरला. तेथे निमूटपणे सीट लावणारा माणूस सुटीत गावी आला की मुलाला मांडीवर घेतो.

"तिसरी बसत नाही, मोठी गाडी घ्या"

घटनेनंतर आठ दिवसांनी मी तिसरी सीट घ्यायला एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. चांगली गुबगुबीत सीट दाखविली, मी पैसे मोजले. घरी आणून लावायला गेलो तर दार लागेना. परत नेली तर दुकानदार म्हणाला, "डबा उघडला आहे, परत होणार नाही. लहान गाडीत तीन बसतच नाहीत चाचा, सात सीटची गाडी घ्या." म्हणजे काही हजारांच्या वस्तूसाठी दहा लाखांच्या आसपासचा खर्च!

हा सल्ला केवळ आपल्याकडेच मिळतो असे नाही. अमेरिकेतील जॉर्डन निकर्सन आणि डेव्हिड सॉलोमन या दोन प्राध्यापकांनी २०२० साली एक अभ्यास पुढे आणला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे बेबी सीटच्या कायद्यांमुळे २०१७ या एका वर्षात तेथे ५७ मुलांचे प्राण वाचले. पण तिसरी सीट मागे बसत नाही, मोठी गाडी परवडत नाही, म्हणून त्याच वर्षात सुमारे ८,००० जन्म कमी झाले. यावरून कायदा वाईट असा अर्थ कोणी काढू नये, ५७ जीव हे ५७ जीव आहेत. मला यात व्यापाऱ्याची चूक दिसते. घरात मुले किती असावीत हे अल्लाहची मर्जी आणि नवरा-बायकोचा विचार यांवर ठरावे. कारखानदाराने सीट किती रुंद केली यावर ते का ठरावे? आणि तीन लेकरांचा प्रश्न फक्त आपल्या समाजाचा आहे असेही नाही. एकत्र कुटुंबात दोन भावांची मुले एका गाडीत बसतात, मग ते घर कोणाचेही असो.

इंग्लंडच्या कायद्याने ही अडचण ओळखली आहे. दोन सीटांमुळे तिसरी बसतच नसेल तर तीन वर्षांवरील मुलाला मोठ्यांचा पट्टा लावण्याची मुभा तेथे आहे. तीन वर्षांखालच्याला ती नाही. परंतु ही मुभा नाइलाजाची आहे. लहान मुलाला मोठ्यांचा पट्टा गळ्यावर आणि पोटावर येतो, म्हणून आधी टेप हाती घ्यावा आणि मगच नाइलाज म्हणावा.

टेपने काय सांगितले

शेवटी मी दुकानातला टेप घेऊन गाडीत शिरलो. दोन्ही दारे लावून मागच्या सीटची आतली रुंदी मोजली, १२८ सेंटिमीटर भरली. आमच्या तिन्ही सीट प्रत्येकी ४५ सेंटिमीटर, म्हणजे १३५. सात सेंटिमीटरचा घाटा! एवढ्यासाठी सात सीटची गाडी? कापडात आम्ही अशा वेळी गिऱ्हाइकाला दुसऱ्या पन्न्याचा ताका दाखवितो. येथेही तोच उपाय निघाला. बाजारात ४१ ते ४३ सेंटिमीटरच्या सडपातळ सीट मिळतात. शोधून दोन ४३ च्या घेतल्या, थोरल्यासाठी ४१ ची बूस्टर घेतली. बेरीज १२७. तिन्ही बसल्या, दारे लागली. मुलगी आता पुढे बसते.

या खटाटोपात जे शिकलो ते वाचकांसाठी थोडक्यात देतो.

रुंदी एका जागी मोजू नये. सीट बुडाशी अरुंद आणि खांद्याशी किंवा हाताच्या टेकूशी रुंद असते, तेव्हा सर्वात रुंद जागा धरावी. तान्ह्या मुलाची सीट मागे तोंड करून लावतात. युरोपच्या नव्या नियमाप्रमाणे निदान १५ महिन्यांपर्यंत मूल असेच बसवायचे असते. या सीटचा रुंद भाग पुढच्या बाजूला येतो आणि मोठ्या मुलांच्या सीटचा मागच्या बाजूला. म्हणून दोन पुढे तोंडाच्या सीटांमध्ये एक मागे तोंडाची ठेवली तर त्या एकमेकींत बसतात आणि थोडी जागा निघते.

नव्या गाड्यांत आयसोफिक्स नावाच्या लोखंडी कड्या असतात. सीट त्यांत पटकन अडकते, ही सोय चांगली. पण या कड्या बहुधा दोन बाजूच्या जागांनाच असतात आणि त्यांत अडकविलेली सीट इकडेतिकडे सरकत नाही. सीटच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर तीच सीट पट्ट्याने बांधावी, एक-दोन सेंटिमीटर सरकविता येते. तिघांच्या हिशेबात तेवढे पुरते.

मधल्या जागेचा पट्टा आवर्जून पाहावा. जुन्या गाड्यांत तेथे नुसता कमरेचा पट्टा असतो. बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच, कमरेच्या पट्ट्यावर ती कधीही लावू नये. मधली सीट आधी बसवावी, मग बाजूच्या. एका सीटचे बूड दुसरीच्या बकलावर बसत नाही ना, हे बघावे. सर्व बसल्यावर पट्टा जेथून जातो तेथे धरून सीट हलवावी. एका इंचापेक्षा जास्त हलली तर ती पक्की नाही. पुढे एअरबॅग असेल तर मागे तोंडाची सीट पुढे कदापि लावू नये.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. माझ्याकडे लोक बेबी सीटवर घालायला मखमलीची जाड गादी, फोमचे कव्हर शिवण्यासाठी कापड मागतात. मी नाही म्हणतो, एक विक्री गेली तरी चालेल. धडकेत फोम दबतो, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटते. हिवाळ्यात जाड स्वेटर-शालीवरून पट्टा लावला तरी तोच धोका. आधी पट्टा अंगाला घट्ट, मग वरून शाल.

व्यापाऱ्यांनी काय करावे

तालुक्याच्या गावी कपडे, पाळणे, झबली विकणारे आपले पुष्कळ बंधू आहेत. कायदा येऊन वर्षे लोटली, पण ही वस्तू आपल्या दुकानांत जवळपास नाही. जो घेतो तो शहरातून किंवा मोबाईलवरून, न मोजता घेतो. मला चार गोष्टी सुचतात.

एक, डब्यावर रुंदी ठळक अंकांत सेंटिमीटरमध्ये छापलेली असावी. रंगाचे नाव मोठे आणि माप कोपऱ्यात, ही रीत बंद व्हावी. दोन, पैसे घेण्याआधी दुकानदाराने सीट गिऱ्हाइकाच्या गाडीत लावून दाखवावी, न बसल्यास परत घ्यावी. कुर्ता अंगाला लावून पाहू देतो, मग हे का नाही? तीन, माहिती-पुस्तिका मराठीतही असावी. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस, मराठी बाजारात शिकलो. ती बारीक इंग्रजी पुस्तिका जावयांनी वाचून दाखविली नसती तर मी सीट उलटीच लावली असती. चार, एकाला माल ठेवणे जड जात असेल तर चार-पाच दुकानदारांनी मिळून निरनिराळ्या रुंदीच्या काही सीट नमुन्याला ठेवाव्यात. तान्ह्याची सीट वर्ष-दीड वर्षच लागते, तेव्हा ती भाड्यानेही देता येईल. मात्र अपघातातून गेलेली सीट पुन्हा कोणाला देऊ नये, वरून धड दिसली तरीही. ती विकणे म्हणजे सरळ धोका आहे आणि अशा कमाईत बरकत नसते.

या मालात नफा आहे का, असे कोणी विचारील. आज थोडा आहे. पण सीटचा पट्टा तरी काय आहे? पॉलिस्टरची घट्ट विणलेली नवारच. केंद्र सरकारने २०२० साली तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय मिशन मंजूर केले, त्यात गाड्यांचे कापडही येते. मालेगाव-भिवंडीच्या आपल्या विणकर बंधूंनी तिकडे लक्ष द्यावे. पुढेमागे तीन लेकरांच्या घराला परवडणारी सडपातळ सीट आपल्याच कोणी बनविली तर तिला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकत आलो आहोत. चंद्रपूर-मूल-गडचिरोलीच्या जंगलरस्त्यावर रोही, चितळ, रानडुक्कर आजही आडवे येतात, उद्याही येतील. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी या जुम्याला नमाजेनंतर टेप घेऊन मागची सीट मोजावी आणि तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. मग बाजारात जावे आणि दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा, "पन्ना किती?"