फुल्या म्हणजे शून्य नव्हे!

ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं की जुन्या फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइल्स हमखास आपल्याच गळ्यात पडतात. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ साली बंद केला, फाइल्स मात्र ठणठणीत आहेत! परवा अशाच एका पगाराच्या फाइलने ‘इनव्हॅलिड न्यूमरिक’ म्हणत मला अडवलं. उघडून बघतो तर पीएफच्या रकान्यात आकड्याच्या जागी फुल्याच फुल्या.

व्हायरस-बियरस काही नाही हो. डीबीएफच्या न्यूमरिक रकान्यात आकडे साध्या अक्षरांसारखे, ठरलेल्या रुंदीत बसतात. रुंदी ८, दशांश २ म्हटलं की दशांशचिन्हही त्या आठातच, म्हणजे ९९९९९.९९ पर्यंत सगळं आलबेल. आकडा मोठा झाला की फॉक्सप्रो आधी दशांश कापतं, आणि कसाच मावेना तर फुल्या भरतं. मूळ आकडा तिथून गेलेला असतो.

‘शून्य टाक आणि पुढे हो,’ बॉस म्हणेल. टाकू नका! आधी फाइलची कॉपी काढा, रकाना रुंद करा, मग आकडा बॅकअपमधून भरा. मला तो अकाउंट्समधल्या काकांच्या छापील रजिस्टरात सापडला. शून्याने एरर गेली असती, पण कुणाची तरी आयुष्यभराची पुंजीही!