एजंट, गुरू आणि न्यायालय

वाहनचालकाची नोकरी सांगून गावाहून आणलेल्या माणसाला वाळवंटात मेंढ्यांमागे धाडल्याच्या कथा सौदी अरेबियातील आपल्यापैकी कोणी ऐकल्या नाहीत? त्या माणसाला आपण मूर्ख ठरवीत नाही. एजंटाने त्याचा 'मेंदू धुतला' असेही म्हणत नाही. एजंट खोटे बोलला, एवढेच म्हणतो. १९८३ च्या भारतीय उत्प्रवास कायद्याने भरती-एजंटांना नोंदणी सक्तीची केली आहे. मग हीच लबाडी एखाद्या नव्या पंथाने केली की आपल्या सुशिक्षितांचा न्याय एकाएकी का बदलतो? 'सज्ञान होता, आपल्या पायांनी गेला, आता कोर्टात कशाला रडतो?' हे उद्गार मी येथील बैठकींतून डॉक्टर-इंजिनिअरांच्या तोंडून ऐकले आहेत.

१९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोल्को नावाच्या कायद्याच्या पदवीधराला बसथांब्यावर दोन तरुण भेटले. तुमचा एखाद्या धर्माशी संबंध आहे काय, असे त्याने स्पष्ट विचारले. 'नाही' असे उत्तर मिळाले. पुढे जेवण, मग दूरच्या शेतावरील शिबिर. आणि आपण कोरियाच्या सन म्युंग मून यांच्या युनिफिकेशन चर्चमध्ये आहोत हे त्याला बऱ्याच दिवसांनी कळले. सज्ञान होता, विचारीतही होता! त्याच्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रेषा नेमकी आखली: श्रद्धा खरी की खोटी हे न्यायालय पाहणार नाही, परंतु ओळख लपवून माणूस ओढला असेल तर फसवणुकीचा दावा चालेल.

'ब्रेनवॉशिंग' हे निदान माझ्या वैद्यकशास्त्रात नाही. १९९० च्या फिशमन खटल्यात अमेरिकी न्यायालयाने तसली तज्ज्ञ-साक्ष नाकारली, ते योग्यच झाले. परंतु शस्त्रक्रिया कोणती हे न सांगता घेतलेली रुग्णाची सही, हात त्याचाच असला तरी, संमती ठरत नाही. साप्पोरोतील माजी सदस्यांनी याच चर्चवर १९८७ साली दावा लावला. जिल्हा न्यायालयाचा अनुकूल निकाल २००१ मध्ये आला. जपानात अशा दाव्यांना 'आमचे तारुण्य परत द्या' असेच नाव पडले. आणि हे पाश्चात्त्य खूळ आहे असे कोणी म्हणू नये. गुरूच्या प्रभावाखाली शिष्याने करून दिलेले दानपत्र अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८९० मध्येच रद्द केले होते.

येथे मात्र सावध राहिले पाहिजे. 'फसवून धर्मांतर' हा शब्दप्रयोग सत्तेच्या हाती गेला की काय होते, ते गुजरातेत दिसले. हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जाणाऱ्यानेही २००३ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी, असे परिपत्रक तेथे एप्रिल २०२४ मध्ये निघाले. माजी सदस्याचा दावा ही फसलेल्या व्यक्तीची तक्रार आहे. परवाना-पद्धती हा सर्वांवरचा पहारा आहे. पहिल्याचे समर्थन करणाऱ्याने दुसरीला विरोध केलाच पाहिजे. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात जाहीर घोषणा केली, एकवीस वर्षे सर्व धर्म तपासले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसमोर बावीस प्रतिज्ञा एकेक करून उच्चारल्या. त्यात लपविलेले काय होते, ते परिपत्रक काढणाऱ्यांनी सांगावे.

घरापासून दूर, एकेकट्या खोलीत राहणाऱ्या आपल्या तरुणांना 'तणावमुक्ती' वा 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिरांची निमंत्रणे येतात. संस्था कोणती, गुरू कोण, पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे त्यांनी लेखी मागावे. पावत्या आणि निमंत्रणे जपून ठेवावीत; न्यायालय प्रथम कागद विचारते.