वेगळे होण्याचा निर्णय कोणाचा?

१ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे झाले आणि रायपूर या नव्या राज्याची राजधानी बनले. सोळा जिल्ह्यांतील जनतेला त्यासाठी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे मत द्यावे लागले नाही. याउलट, ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, हा प्रश्न २३ जून २०१६ रोजी थेट मतदारांना विचारण्यात आला. यांपैकी लोकशाहीला अधिक धरून असलेला मार्ग कोणता? सार्वमताचा, असे उत्तर सहज सुचते. परंतु ते अपुरे आहे.

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. भारतीय संघातून बाहेर पडण्याचा अधिकार कोणत्याही घटक राज्याला नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत स्पष्ट केले होते. मात्र संघाच्या आत राज्यांच्या सीमा बदलू शकतात. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार हा अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपती असे विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत जाणून घेण्यासाठी पाठवतात. परंतु ते मत संसदेवर बंधनकारक नसते.

रायपूरने असे बदल अनेकदा अनुभवले आहेत. १९५६ पूर्वी रायपूर व नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेनंतर रायपूरचा कारभार भोपाळहून चालू लागला. पुढे स्वतंत्र राज्याची मागणी दीर्घकाळ होत राहिली. १९९४ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने तिला अनुकूल ठराव केला आणि २००० मध्ये संसदेने कायदा केला. ज्या राज्यातून वेगळे व्हायचे, त्याच राज्याची संमती मिळाल्यामुळे हे विभाजन शांततेने झाले. तेलंगणाच्या बाबतीत तसे घडले नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विधेयक फेटाळले, तरीही संसदेने ते पुढील महिन्यात मंजूर केले. कायद्याच्या दृष्टीने त्यात उणीव नव्हती. पण कायदेशीर असणे आणि सर्वांना न्याय्य वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग सार्वमत घ्यावे काय? याचे उत्तम उदाहरण गोव्याचे आहे. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, हे ठरवण्यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल घेण्यात आला. त्यासाठी संसदेने आधी स्वतंत्र कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. प्रश्न सुस्पष्ट असेल, तर सामान्य मतदार पक्ष आणि प्रश्न यांत नेमका विवेक करतो, हेच यातून सिद्ध झाले.

ब्रिटनमध्ये मात्र प्रश्न सोपा होता आणि उत्तराचा अर्थ अवघड. सुमारे ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. पण कोणत्या अटींवर, हे त्यांना विचारलेच नव्हते. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील बहुमत तर राहण्याच्या बाजूने होते. संसदेच्या कायद्याशिवाय सरकारला बाहेर पडण्याची सूचना देता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये दिला. प्रत्यक्ष बाहेर पडण्यास ३१ जानेवारी २०२० उजाडला.

वेगळे होणे एका दिवसात संपत नाही. मध्य प्रदेश पुनर्रचना कायद्याने मालमत्ता, कर्ज, कर्मचारी आणि निवृत्तिवेतन यांची वाटणी केली. निवृत्तिवेतनाचा भार दोन्ही राज्यांत विभागला गेल्याने महागाईपोटीच्या वाढीसाठी परस्परांची संमती घेण्याचा प्रघात पडला. परिणामी, रायपूरमधील निवृत्त शिक्षकाला आपल्या हक्काच्या वाढीसाठी भोपाळच्या पत्राकडे डोळे लावून बसावे लागले. राज्य वेगळे झाले, तरी हिशेब एकत्रच राहिला.

म्हणून, प्रत्येक विभाजनासाठी सार्वमत हवेच, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु जनतेला अंधारात ठेवून निर्णय घेणेही योग्य नव्हे. पाणी, कर्ज, नोकऱ्या आणि निवृत्तिवेतन यांच्या वाटणीचा मसुदा आधी लोकांसमोर यावा. विधानसभेत त्यावर खुली चर्चा व मतदान व्हावे. संसदेला वेगळा निर्णय घ्यायचा असेल, तर तिने त्याची कारणे जाहीर करावीत. सार्वमत घेतलेच, तर प्रश्नाबरोबर परिणामही स्पष्ट सांगावेत. बहुमताने निर्णय होतो हे खरे. पण ज्यांचे मत हरले, त्यांनाही तो आपला वाटावा, यातच लोकशाहीची खरी कसोटी आहे.